आफ्रिकेची काजू बी आणायची आहे. तिघांपैकी कोणाशी व्यवहार करू?

पत्र : चंदगड तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. रोज दोन टन बी लागते. आमच्या भागातली, आजऱ्याची आणि दोडामार्गाकडची बी मार्च ते मे या काळात भरून ठेवतो. यंदा ती नोव्हेंबरपर्यंतच पुरेल. पुढचे चार महिने कारखाना आणि त्यावर अवलंबून असलेल्या बायकांचं काम बंद पडू नये म्हणून आफ्रिकेतून थेट बी आणायचं मनात आहे. आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक) काढला आहे. चौकशी केल्यावर तिघांचे भाव आले. आयव्हरी कोस्टमधला आबिदजानचा निर्यातदार म्हणतो, आउटटर्न ४७ (म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून ४७ पौंड गर), न्हावा शेवा पोच टनाला १,५०० डॉलर, पैसे एलसीने, म्हणजे बँकेच्या पतपत्राने. बेनिनचा म्हणतो, आउटटर्न ५२, भाव १,०५० डॉलर, ३० टक्के आगाऊ. नमुना फुकट, फक्त कुरिअरचा खर्च आम्ही द्यायचा. टांझानियातला दार-ए-सलामचा म्हणतो, आउटटर्न ५०, भाव १,७०० डॉलर, २० टक्के आगाऊ, बाकीचे कागद स्कॅन करून पाठवल्यावर; तो थेट शेतकऱ्यांकडून घेतो म्हणे. तिघेही व्हॉट्सअ‍ॅपवर छान बोलतात. पारख करायची कशी?

उत्तर :

आधी तुमच्या तिघांबद्दल बोलू, मग पारखायच्या रीतीबद्दल.

बेनिनवाल्याला एक डॉलरही पाठवू नका, कुरिअरचा खर्चसुद्धा नाही. टांझानियावाल्याने सांगितलेली एक गोष्ट तिथल्या पद्धतीशी जुळत नाही. तिचा खुलासा होईपर्यंत थांबा. आबिदजानचा माणूस तपासून पाहण्याजोगा आहे, पण तुम्हाला माल हवा नोव्हेंबरनंतर, आणि त्याच्याकडे तेव्हा असेल तो आधीच्या हंगामातला, गोदामात पडलेला माल.

बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी लागू केली. बी देशातच फोडली जावी, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे बेनिनची कच्ची बी देऊ करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणत्या परवान्यावर माल बाहेर काढणार? 'शेजारच्या टोगोतून पाठवू' असं उत्तर आलं, तर मालाच्या मूळ देशाचा दाखला खोटा असणार, आणि इकडे कस्टम्ससमोर उभं राहायची पाळी तुमच्यावर येणार.

दुसरी खूण त्याच्या भावातच आहे. कच्च्या काजूचा भाव टनावर तोलू नका, आउटटर्नच्या पौंडावर तोला. आबिदजानचा १,५०० भागिले ४७, म्हणजे पौंडाला जवळपास ३२ डॉलर. दार-ए-सलामचा १,७०० भागिले ५०, म्हणजे ३४. हे दोन्ही एका बाजारातले वाटतात. बेनिनचा १,०५० भागिले ५२, म्हणजे जेमतेम २०. बाजारभावाने ५२ पौंडाच्या बीला साडेसोळाशे डॉलर सहज मिळतात. व्हिएतनामचे खरेदीदार पश्चिम आफ्रिकेत गावोगाव माणसं पाठवून बी उचलतात. ते दारात उभे असताना हा माणूस चंदगडच्या अनोळखी कारखानदाराला टनामागे सहाशे डॉलर कमी का घेईल? फुकट नमुन्याच्या कुरिअरचे शे-दीडशे डॉलर मागायचे, ते आले की 'करार नोंदणी शुल्क', मग 'निर्यात कर', मग आगाऊ रक्कम, अशी ही साखळी असते. पहिली रक्कम लहान ठेवतात ती तुम्ही पैसे देणारे आहात की नाही हे पाहायला.

आता टांझानिया. तिथे काजूची विक्री गोदाम-पावती पद्धतीने होते. शेतकरी बी प्राथमिक सहकारी संस्थेकडे देतो, ती संघाच्या गोदामात जाते, आणि तिथून लिलावात विकली जाते. या सगळ्यावर टांझानियाच्या काजू मंडळाची देखरेख असते. म्हणून दक्षिण टांझानियातल्या म्टवारा किंवा लिंडीच्या 'शेतकऱ्यांकडून थेट घेतो' म्हणणारा एक तर पद्धतीबाहेरचा माल उचलतो, किंवा त्याला धंदा माहीत नाही, किंवा माल त्याच्याकडे नाहीच. त्याला विचारा: कोणत्या तारखेच्या लिलावात, कोणत्या संघाच्या गोदामातून, कोणत्या प्रतीची किती टन बी घेतली? लिलावाची कागदपत्रं दाखव. खरा व्यापारी हे त्याच दिवशी पाठवतो. टाळाटाळ झाली तर विषय तिथेच थांबवा.

तुमच्या गरजेला मात्र टांझानियाचा हंगाम अगदी जुळतो. पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरिया, गिनी-बिसाऊ या पट्ट्यात, बी फेब्रुवारीपासून जून-जुलैपर्यंत निघते. टांझानियात ऑक्टोबर ते जानेवारी. डिसेंबरात तुमच्या अंगणात ताजी बी पडायची असेल, तर ती पूर्व आफ्रिकेचीच. शिवाय समुद्रप्रवासही बराच कमी. म्हणून हा माणूस उतरला नाही, तरी टांझानियातलाच दुसरा शोधा.

पश्चिम आफ्रिकेची बी ऑक्टोबरनंतर घ्यायची झाली, तर करारात 'चालू वर्षाचं पीक' एवढं लिहून भागत नाही. एप्रिलमध्ये काढलेली बीही त्यात बसते. गोदामात सहा महिने पडलेल्या बीचा गर पिवळट होतो, कीड लागते, आउटटर्न खाली येतो. हंगामात बी चिरून काढलेला आउटटर्नचा अहवाल दाखवून माल विकतात, आणि हाती येतो तो पावसाळा काढलेला माल. हंगामातला जुना आकडा चालणार नाही, माल भरताना आउटटर्न नव्याने काढायचा, हे आधी ठरवा.

आता त्या आउटटर्नकडे वळू. सगळा व्यवहार त्याच्याभोवती फिरतो, आणि नवा आयातदार फसतो तोही तिथेच. आपल्याकडे गावची बी घेताना आपण मूठभर फोडून पाहतो, टपोरी आहे की नाही ते बघतो आणि भाव सांगतो. हजारो किलोमीटरवरच्या बीचं तसं केलं, तर ते पाण्यातल्या म्हशीचं मोल होईल. तिथे आकडाच बोलतो, आणि तो आकडा कसा निघतो ते तुम्हाला स्वतःला करता आलं पाहिजे.

आउटटर्न, ज्याला केओआर म्हणतात, तो ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड वापरण्याजोगा गर निघेल हे सांगतो. काढायची रीत अशी. ढिगातल्या दहातलं निदान एक पोतं उघडायचं, आणि प्रत्येकातून वरची, मधली आणि तळाची बी घ्यायची. फक्त तोंडाजवळची घेऊ नका. वर चांगली आणि खाली रद्दी भरायची चलाखी जुनीच आहे. सगळी एकत्र कालवून जमिनीवर पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकी बाजूला सारायचे. असं एक किलो उरेपर्यंत. मग ते एक किलो मोजायचं: किती नग? मग एकेक बी उभी चिरायची आणि सहा वाटे करायचे. पूर्ण भरलेला पांढरा गर, डाग पडलेला, अपक्व किंवा सुकलेला, तेलकट, कुजका किंवा बुरशी आलेला, आणि पोकळ.

पहिल्या तिघांचा गर टरफलातून काढून, तांबड्या सालीसह वजन करायचा. चांगल्या गराचं पूर्ण वजन धरायचं, डागी आणि अपक्व गराचं अर्धं. तेलकट, कुजकं, पोकळ यांना शून्य. बेरजेला ०.१७६३७ ने गुणायचं. ८० किलोचे १७६.३७ पौंड होतात, त्यातून हा आकडा आला. समजा चांगला गर २५२ ग्रॅम, डागी-अपक्व २४ ग्रॅम निघाला. २५२ अधिक १२, म्हणजे २६४. गुणाकार ४६.५६. ही साडेसेहेचाळीसची बी झाली. टक्क्यांत २६.४, आणि तेही साल व ओल धरून. सोलून वाळवल्यावर हाती येणारा गर याहून कमी भरतो.

दोन माणसं सरावली की हे काम तासा-दीड तासात होतं. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, बी चिरायचा कटर आणि ओल मोजायचं यंत्र, एवढंच सामान लागतं. आजपासून तुमच्या स्वतःच्या साठ्यातली बी अशी कापून बघा, म्हणजे ४७ आणि ५० यांतला फरक डोळ्यांना कळू लागेल.

एका पौंडाची किंमत काय? पोत्यामागे एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. चाळीस फुटी कंटेनरात साधारण २५ टन, म्हणजे तीनशेदहाच्या आसपास पोती बसतात. एक पौंड कमी भरला की त्या कंटेनरात सुमारे १४२ किलो गर कमी. आजच्या गराच्या भावाने गुणून बघा. आणि करारात नुसती 'प्रमाणात कपात' असेल, तर ४७ ऐवजी ४६ भरल्यावर तुम्हाला परत मिळतात टनाला ३२ डॉलर, म्हणजे कंटेनरला आठशे. नुकसान बहुतेक वेळा त्याहून मोठं असतं, कारण मजुरी, वाफ, वीज पूर्ण पोत्याची लागलेली असते. म्हणून ४६ पर्यंत साधी कपात, त्याखाली दुप्पट, आणि ४५ खाली माल नाकारायचा हक्क, अशी पायरी लिहून घ्या.

नगांची संख्याही करारात हवी. किलोला १८० ते २०० नग म्हणजे बी मोठी. २१० च्या वर गेली की दाणा बारीक आणि मोठ्या प्रतीचा अख्खा गर कमी. आयव्हरी कोस्टची बी साधारण ४६ ते ४८ पौंडाची. गिनी-बिसाऊची पन्नाशीच्या पुढे जाते, पण दाणा लहान. टांझानियाची चांगली बी पन्नाशीच्या आसपास. यापेक्षा फार वरचा आकडा कोणी देऊ लागला, तर खूश व्हायच्या आधी शंका घ्या.

तिसरी गोष्ट ओल. ती अनेक जण शेवटी बघतात, आणि नुकसान मात्र सगळ्यात आधी तीच करते. ८ टक्के ओलीची बी महिनाभराचा प्रवास सोसते. १० टक्क्यांच्या वरची बी बंद कंटेनरात घामेजते, छताला पाणी धरतं, ते वरच्या पोत्यांवर ठिबकतं आणि बुरशी धरते. दुसरं नुकसान वजनाचं. १० टक्क्यांची २५ टन बी तुमच्या खळ्यावर ८ टक्क्यांवर आली की ५४३ किलो घटते. टनाला १,५०० डॉलरने ते आठशे डॉलरचं पाणी तुम्ही विकत घेतलं. करारात जास्तीत जास्त ८ टक्के लिहा; ८ ते १० वजनात कपात, १० च्या वर नकार. कंटेनरला आतून क्राफ्ट पेपरचं अस्तर आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायची अटही घाला. खर्च किरकोळ आहे, आणि पश्चिम आफ्रिकेतून पावसाळ्याच्या तोंडावर निघालेल्या मालाला तो करायलाच हवा.

आता माणसाची पारख. कंपनी नोंदणीचा दाखला मागा. आयव्हरी कोस्ट, टोगो, बेनिन अशा फ्रेंच भाषक देशांत त्याला आरसीसीएम क्रमांक म्हणतात; त्यात देश, शहर आणि नोंदणीचं वर्ष दडलेलं असतं. 'वीस वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याच्या क्रमांकात गेल्याच वर्षाची नोंद दिसली, तर उत्तर मिळालं. टांझानियात ब्रेला या नोंदणी संस्थेच्या ऑनलाइन यादीत नाव शोधता येतं. आयव्हरी कोस्टमध्ये काजू निर्यात करायला कापूस व काजू परिषदेची मान्यता लागते. चालू हंगामाचं मान्यतापत्र मागा आणि ते परिषदेकडेच ईमेलने पडताळा. आबिदजानचा आपला दूतावास आणि दार-ए-सलामचं आपलं उच्चायुक्तालय इथले व्यापारविषयक अधिकारीही अशा चौकशीला मदत करतात. पत्र मुद्देसूद लिहा, कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या.

याहून मोलाची चौकशी इथल्याच लोकांकडे होते. कोल्लम, मंगळूर, तमिळनाडूतलं पनरुटी, आंध्रातलं पलासा, या गावांतले कारखानदार वर्षानुवर्षं आफ्रिकेची बी फोडतात. निर्यातदाराला सांगा, गेल्या दोन हंगामांत ज्यांना माल दिला असे दोन भारतीय खरेदीदार सांग, आणि त्यांच्याशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. तीन प्रश्न पुरेत. सांगितलेला आउटटर्न आणि इथे भरलेला यांत किती फरक पडला? तक्रार केल्यावर पैसे दिले का? आणि २०२४ मध्ये काय केलं? त्या हंगामात भाव मध्येच जोरात चढले, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कित्येक निर्यातदारांनी जुन्या भावाचे करार पाळलेच नाहीत. ज्याने त्या वर्षी तोटा सोसून, निदान भाव पुन्हा बोलून का होईना, माल पाठवला, त्याचं नाव वहीत वर लिहून ठेवा. कोल्लमची काजू निर्यात प्रोत्साहन परिषद १९५५ पासून या धंद्यात आहे, तिच्याकडेही विचारा.

भावाची फोड मागायलाही लाजू नका. आयव्हरी कोस्टचं सरकार हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव जाहीर करतं. २०२५ मध्ये तो किलोला ४२५ सीएफए फ्रँक होता. एका युरोला ६५५.९५७ फ्रँक हे बांधलेलं प्रमाण, म्हणजे टनाला ६४८ युरो. मागणी वाढली की प्रत्यक्ष भाव याच्या वर जातो. त्यावर दलाली, वाळवण, बारदान, आबिदजानपर्यंतची वाहतूक, निर्यात कर, बंदराचा खर्च, जहाजभाडं. ही फोड खरा निर्यातदार तोंडपाठ सांगतो. ज्याला बारदानाचा खर्चसुद्धा सांगता येत नाही, तो मधला दलाल आहे. दलाल वाईटच असतो असं नाही, पण मग करार ज्याच्याकडे माल आहे त्याच्याशी झाला पाहिजे.

व्हिडिओ कॉल करा, पण गोदामातूनच. तुम्ही बोट दाखवाल त्या थप्पीतलं, तुम्ही सांगाल ते पोतं काढायला लावा. तुमच्यासमोर पंचवीस बिया मोजून चिरायला सांगा. तयारी करून ठेवलेला माणूस 'हे पोतं नको, ते घेऊ' म्हणायला लागतो.

पैशाच्या रीतीत तुम्हाला आबिदजानवाल्याची एलसीची अट जाचक वाटली असेल. आम्हाला ती चांगली खूण वाटते: कागदोपत्री तपासणीला तो तयार आहे. मात्र एक गैरसमज काढून टाका. एलसीत बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीसाठीच्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांचं पाचवं कलम हेच सांगतं. पोत्यांत दगड असले आणि कागद बिनचूक असले, तर पैसे जाणारच. म्हणून कागदांच्या यादीत तुमच्या बाजूचा एक कागद घुसवायचा: तुम्ही नेमलेल्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र. एसजीएस, ब्युरो व्हेरिटास, कोटेक्ना, इंटरटेक यांपैकी जिचं कार्यालय त्या बंदरात आहे तिचं नाव एलसीत स्पष्ट लिहा. आउटटर्न, नगसंख्या, ओल, निव्वळ वजन आणि सीलचा क्रमांक प्रमाणपत्रात असलाच पाहिजे, असंही लिहा. फी तुम्ही भरा, नेमणूक तुम्ही करा. निर्यातदाराने आणून दिलेलं प्रमाणपत्र तो ज्याचे पैसे भरतो त्याचंच असतं.

आणि तपासणी गोदामात नको, कंटेनर भरताना हवी. गोदामात चांगली थप्पी दाखवून कंटेनरात दुसरीच भरल्याचे प्रकार या धंद्यात सर्रास ऐकू येतात. निरीक्षकाने दार बंद होईपर्यंत उभं राहायचं, सील स्वतःसमोर लावून घ्यायचं आणि त्याचा क्रमांक लिहायचा. तोच क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, आणि तोच न्हावा शेव्यात दारावर. तिन्ही जुळले की मधे दार उघडलं गेलं नाही असं धरता येतं.

एलसीचा खर्च जड वाटत असेल, तर बँकेमार्फत 'कागदांवर रोख' हा मार्ग आहे: मूळ कागद तुमच्या बँकेत येतात, तुम्ही पैसे भरता, मग बँक कागद सोडते. या धंद्यात ९८ टक्के कागदांवर आणि २ टक्के इथल्या तपासणीनंतर, अशी वाटणी चालते. पहिल्या व्यवहाराला आम्ही ९५ आणि ५ मागू. ९८ वर तडजोड झाली तरी तो शेवटचा हप्ता सोडू नका. एका कंटेनरसाठी परदेशात दावा लढवणं परवडत नाही, त्यामुळे कपात वसूल व्हायची ती या रकमेतूनच. म्हणूनच अंतिम दर्जा पोच बंदरावरचा धरायचा, असं करारात लिहिलेलं असलं पाहिजे. भरतानाचा दर्जा अंतिम असेल, तर ओल आणि प्रवासातली खराबी दोन्ही तुमच्या पदरी.

टांझानियावाल्याची 'कागद स्कॅन केल्यावर बाकीचे पैसे' ही अट कधीही मान्य करू नका. स्कॅन केलेल्या कागदावर माल सुटत नाही. मूळ बिल ऑफ लेडिंगचा पूर्ण संच, तीनपैकी तीन प्रती, बँकेतून आला पाहिजे. स्कॅन आला तर तो तपासायला वापरा: जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर कंटेनरचा क्रमांक टाका. क्रमांकात चार अक्षरं आणि सात अंक असतात; शेवटचा अंक आधीच्या दहांवरून हिशोबाने निघतो, त्यामुळे मनाने लिहिलेला क्रमांक बहुधा तिथेच पकडला जातो. खरा कंटेनर पण भलत्याच बंदरात फिरतोय, असंही दिसू शकतं.

बँक खातं करारातल्याच कंपनीच्या नावाचं आणि त्याच देशातलं हवं. स्विफ्ट कोडची पाचवी-सहावी अक्षरं देश सांगतात: आयव्हरी कोस्ट सीआय, टांझानिया टीझेड. माल आफ्रिकेचा आणि खातं तिसऱ्याच देशात, तेही एखाद्या व्यक्तीच्या नावावर, असं असेल तर थांबा. व्यवहार ठरल्यावर 'आमचं खातं बदललं' असा ईमेल आला, तर त्या ईमेलमधल्या क्रमांकावर फोन करू नका. तुमच्याकडे पहिल्यापासून असलेल्या क्रमांकावर करा. ईमेल हॅक करून मधल्या मध्ये पैसे वळवण्याचा हा प्रकार चांगल्या निर्यातदारांच्या बाबतीतही घडतो.

विम्याचं थोडक्यात. सीआयएफ भावात (माल, विमा आणि जहाजभाडं धरून) विक्रेत्याने काढायचा विमा किमान, म्हणजे 'सी' कलमांचा असतो, आणि त्यात पाणी शिरून झालेलं नुकसान बसत नाही. 'ए' कलमांचा, म्हणजे सगळ्यात व्यापक विमा मागा, किंवा सीएफआर (विम्याशिवायचा) भाव घेऊन विमा इथे स्वतः काढा. पोच बंदरावर कंटेनर ठेवायला चौदा दिवसांची सूट बिल ऑफ लेडिंगवर लिहून घ्या. एक कागद अडला की दिवसाचं भाडं डॉलरमध्ये चढतं. अडणारा कागद बहुतेक वेळा वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र किंवा धुरीचा दाखला असतो. दोन्हींचा मसुदा जहाज सुटण्याआधी तुमच्या क्लिअरिंग एजंटला दाखवा.

शुल्काचाही भावात हिशोब धरा. कच्च्या काजूवरचं मूळ आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्क्यांवर आणलं. टांझानिया, गिनी-बिसाऊ हे अल्पविकसित देशांच्या सवलत योजनेत येतात. आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरिया येत नाहीत. सवलत घ्यायची तर मूळ देशाचा दाखला लागतो, आणि २०२० च्या नियमांनुसार माल तिथलाच असल्याची माहिती आयातदाराने स्वतः जमवून पाच वर्षं जपायची असते. चालू दर आणि आयजीएसटी यांचा तक्ता एजंटकडून लेखी घ्या आणि मगच पौंडाचा भाव पुन्हा काढा. टांझानियाचे ३४ आणि आबिदजानचे ३२ यांतलं अंतर तेव्हा कमी झालेलं दिसेल.

तुमची गरज महिन्याला पन्नास टनांची, म्हणजे दोन कंटेनर. चार महिन्यांचे आठ. आठही एकाकडून, एकदम, पहिल्याच वर्षी ठरवू नका. आमचा सल्ला असा. ऑक्टोबरात मंगळूरच्या एखाद्या मोठ्या आयातदाराकडून टांझानियाची किंवा आयव्हरी कोस्टची एक ट्रकभर बी घ्या. चंदगडला मंगळूरहून ट्रक येणं अवघड नाही. टनामागे थोडं जास्त जाईल, पण ती बी तुमच्या बॉयलरवर, तुमच्या कटिंग मशीनवर कशी चालते ते कळेल. आफ्रिकेच्या बीचं टरफल आणि आकार वेगळा. वाफेची वेळ आणि पात्यांमधलं अंतर बदलावं लागतं, नाहीतर तुकडा वाढतो. दुसरा कंटेनर समुद्रातल्या विक्रीने, म्हणजे हाय सी सेलने घ्या: माल दुसऱ्याने आणलेला, कस्टम्स तुमच्या नावाने. कागदांची सवय त्यात होते आणि निर्यातदाराची जोखीम तुमच्यावर नसते. तिसरा थेट, एकच, दार-ए-सलाम किंवा म्टवाराहून. त्या वेळेपर्यंत लिलावाची कागदपत्रं दाखवणारा माणूस तुम्हाला सापडलेला असेल. आबिदजानवाल्याशी बोलणं तोडू नका. त्याचा भाव मार्चच्या ताज्या पिकासाठी मागून ठेवा, तुम्हाला पुढच्या पावसाळ्यासाठी तो लागेल.

कंटेनर कारखान्यात आला की दाराला हात लावायच्या आधी सीलचा फोटो घ्या, क्रमांक वाचता येईल असा. करारात ठरलेल्या संस्थेचा निरीक्षक समोर असल्याशिवाय दार उघडू नका. पहिलं पोतं उतरायच्या आधी छत आणि दाराजवळच्या वरच्या थरावर हात फिरवून ओल बघा, त्याचेही फोटो घ्या. रिकामा आणि भरलेला, दोन्ही वेळचा वजनकाट्याचा कागद जपा. तक्रारीची मुदत बहुतेक करारांत सात ते दहा दिवसांची असते, म्हणून बी चिरून तपासणी त्याच दिवशी करा आणि आकडा संध्याकाळपर्यंत ईमेलने कळवा.